जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर म्हणून रुजू होताना

रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी तुम्हाला पॅनल रूममध्ये नेतील, बटणं दाखवतील, रजिस्टर कुठे ठेवतात ते सांगतील. ते सगळं ऐकून घ्या, पण लवकरात लवकर बाहेर पडा आणि पाणी ज्या वाटेने येतं त्या वाटेने एकदा चालत जा. बटण दाबलं की काय होतं, हे ती वाट पायाखालून गेल्याशिवाय कळत नाही.

हा लेख नगरपालिकेच्या, जीवन प्राधिकरणाच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या केंद्रावर नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. तुम्ही बहुधा आयटीआय केलेलं असेल किंवा विज्ञान शाखेतून बारावी झाला असाल, आणि बहुधा ठेकेदाराकडून लागला असाल. उदाहरणं दहा एमएलडीच्या केंद्राची घेतली आहेत, कारण तालुक्याच्या गावी साधारण याच मापाचं केंद्र वाट्याला येतं. मुंबईचं भांडुप संकुल किंवा छत्रपती संभाजीनगरचं फारोळा यांच्यापुढे ते फार लहान, पण पाण्यावर होणारी क्रिया तीच. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. दहा एमएलडीचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर तासाला साधारण ४१७ घनमीटर, म्हणजे सव्वाचार लाख लिटरच्या आत-बाहेर पाणी तुमच्या हातून जातं.

आधी पाण्याबरोबर चाला

जॅकवेलवरून, म्हणजे नदी-धरणातून पाणी उचलणाऱ्या विहिरीवरून आलेलं रॉ वॉटर (कच्चं पाणी) पहिल्यांदा एरिएशन फाउंटनच्या पायऱ्यांवरून पडतं. तिथे त्याला हवा मिळते, वास कमी होतो, विरघळलेलं लोह असेल तर ते वेगळं पडायला लागतं. तिथे रोज नाक लावायचं. धरणात शेवाळ वाढलं असेल तर त्याचा मातकट, बुरसट वास सर्वांत आधी इथे येतो. मग पाणी चॅनलमधून पुढे जातं. चॅनलमध्ये व्ही-नॉच किंवा पार्शल फ्ल्यूम असतो आणि शेजारी पट्टी असते. पट्टीवरच्या उंचीवरून प्रवाह किती ते काढतात. फ्लो मीटर बसवलेला असला तरी पट्टी वाचायला शिका. मीटर बंद पडतो, पट्टी पडत नाही.

पुढे फ्लॅश मिक्सर. तुरटीचं द्रावण किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) इथे पडतं आणि पंखा ते अर्ध्या ते एक मिनिटात पाण्यात मिसळून टाकतो. मग क्लॅरिफ्लोक्युलेटर, म्हणजे ती मोठी गोल टाकी. तिच्या मधल्या भागात पाणी अर्धा तास सावकाश ढवळलं जातं आणि गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून फ्लॉक तयार होतो. बाहेरच्या भागात, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये, पाणी दोन-अडीच तास संथ सरकतं, फ्लॉक खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी कडेच्या लॉन्डर नावाच्या पन्हळीत उतरतं. तिथून फिल्टर हाऊस, मग क्लोरीन, मग शुद्ध पाण्याचा संप (जमिनीतली टाकी), आणि संपावरून पंप गावातल्या टाक्या भरतात.

या वेळांची बेरीज लक्षात ठेवा. आत्ता तुम्ही तुरटीचा डोस बदललात तर त्याचा फिल्टरवरचा परिणाम तीन तासांनी दिसणार. शिफ्टच्या शेवटच्या तासात केलेला बदल पुढच्या माणसाच्या शिफ्टमध्ये उगवतो. म्हणून घाईने डोस वर-खाली करत बसू नका. एकदा बदला, वेळ लिहा, वाट बघा.

चालताना प्रत्येक व्हॉल्व्हजवळ थांबून जुन्या माणसाला विचारा: हा कशाचा, कुठल्या बाजूने बंद होतो, किती आटे आहेत, शेवटचा कधी फिरवला होता. नकाशात असलेला व्हॉल्व्ह जागेवर जाम असू शकतो आणि जागेवर असलेला नकाशात नसू शकतो. आपल्या वहीत स्वतःच्या हाताने आकृती काढा. केंद्रावरच्या फिटर, व्हॉल्व्हमन मंडळींना या गोष्टी तोंडपाठ असतात, पण कुणी विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

डोसाचा हिशेब

हा हिशेब सोपा आहे, तरी पुष्कळ केंद्रांवर तो फक्त एका माणसाला येतो. एक पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. म्हणून पीपीएमला एमएलडीने गुणलं की दिवसाचे किलो थेट मिळतात. तुरटीचा डोस २० पीपीएम आणि केंद्र १० एमएलडी, तर दिवसाला २०० किलो तुरटी, म्हणजे तासाला साधारण ८.३ किलो. तुम्ही दहा टक्क्यांचं द्रावण केलं असेल तर त्याच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम तुरटी असते, म्हणजे तासाला ८३ लिटर द्रावण सोडायचं. डोसिंग पंपावरचा किंवा नळाचा आकडा खरा मानू नका. एक मोजपात्र धरा, एका मिनिटात किती जमतं ते बघा. ८३ लिटर तासाला म्हणजे मिनिटाला १.४ लिटरच्या आसपास यायला हवं.

तुरटीच्या लाद्या टाकीत टाकल्या की विरघळायला वेळ लागतो. वर फिकं आणि तळाशी घट्ट असं द्रावण राहिलं तर शिफ्टभर डोस सारखा पडत नाही. ढवळणारं यंत्र बंद असेल तर ते दुरुस्त करून घेणं ही तुमच्या पहिल्या आठवड्यातली पहिली तक्रार असू द्या.

जार टेस्ट, आणि पहिला पूर

किती डोस द्यायचा हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते पाणी सांगतं आणि ते विचारायची पद्धत म्हणजे जार टेस्ट. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे दहा मिलिग्रॅम तुरटी. सहा जारमध्ये एकेक लिटर रॉ वॉटर घ्या, त्यात अनुक्रमे १, २, ३ असे सहापर्यंत मिलिलिटर टाका. झाले १० ते ६० पीपीएमचे सहा डोस. सगळ्या जारमध्ये शक्यतो एकाच वेळी टाका. मिनिटभर शंभर फेऱ्यांवर जोरात, मग दहा-पंधरा मिनिटं तीस-चाळीस फेऱ्यांवर सावकाश ढवळा. पाती उचला आणि अर्धा तास हात लावू नका.

या अर्ध्या तासात जारसमोर बसा. कुठल्या जारमध्ये फ्लॉक आधी दिसला, तो टाचणीच्या डोक्याएवढा झाला की धुक्यासारखा पसरून राहिला, खाली सरळ उतरतोय की मध्येच तरंगतोय, हे सगळं टिपा. मग वरच्या पाण्याची टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, मोजा; तो एनटीयू या एककात येतो. ज्या सर्वांत कमी डोसला पाणी चांगलं निवळलं तो तुमचा डोस. जास्त टाकली तर जास्त स्वच्छ, असं नसतं. डोस पुढे गेला की पाणी पुन्हा धुरकट होतं, पीएच खाली येतो आणि ॲल्युमिनियम पाण्याबरोबर घराघरांत जातं. भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला फक्त ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.२.

पहिल्या पावसात ही चाचणी तुमचा घाम काढते. दुपारी दहा-पंधरा एनटीयू असलेलं नदीचं पाणी वरच्या भागात वळीव झाला की रात्रीत कित्येक शेवर जातं. लाल माती, पालापाचोळा, शेणखत, गावातल्या नाल्यांचं साठलेलं सगळं एकदम येतं. अशा वेळी नवखा माणूस तुरटीचा नळ पूर्ण सोडून देतो. तसं करू नका. सर्वांत आधी इनलेट कमी करा. निम्म्या प्रवाहाला क्लॅरिफायरमध्ये दुप्पट वेळ मिळतो, आणि त्या रात्री वेळच कामाला येतो. मग जार टेस्ट लावा, या वेळी डोसाचे टप्पे मोठे घ्या. तुरटी पाण्यातली क्षारता खाते: दर एक मिलिग्रॅम तुरटीमागे जवळपास अर्धा मिलिग्रॅम. पुराच्या पाण्यात मुळात क्षारता कमी असते. डोस वाढवूनही फ्लॉक धरत नसेल तर पीएच बघा. तो सहाच्या खाली घसरला असेल तर एका जारमध्ये चुन्याची निवळी टाकून बघा. पुष्कळदा तिथे फ्लॉक डोळ्यांदेखत धरतो. तुमच्याकडे पीएसी असेल तर अशा वेळी ते वापरा, त्याने पीएच कमी उतरतो.

गाळ सोडायचा व्हॉल्व्ह त्या रात्री एरवीपेक्षा पुष्कळ जास्त वेळा उघडावा लागतो. तळाशी गाळ साठू दिला तर गाळ ओढणाऱ्या स्क्रेपरचा ब्रिज जड होतो, मोटार ट्रिप होते, आणि भरलेली टाकी उपसून गाळ काढायचं काम दोन दिवस पुरतं.

पाणी कमी झालं की फोन येतात. नगरसेवकांचे येतात, अभियंत्यांचे येतात. त्यांना आकडा सांगा: रॉ वॉटर इतके एनटीयू आहे, प्रवाह निम्मा केला आहे, टाक्या इतक्या तासांनी भरतील. आकडा सांगितला की बहुतेक जण ऐकतात. तरीही कुणी पूर्ण क्षमतेने चालवा म्हणालं तर कुणी, किती वाजता सांगितलं ते रजिस्टरमध्ये लिहा. एक दिवस कमी पाणी आलेलं गाव विसरतं, एका गढूळ दिवसाची कावीळ किंवा गॅस्ट्रो विसरत नाही.

हिवाळ्याचं सांगितलं तर आश्चर्य वाटेल. जानेवारीत रॉ वॉटर दोन-तीन एनटीयू असतं, जार धरला तर आरपार दिसतं, आणि मग कुणीतरी तुरटी बंद करतं. हे पाणी दिसतं तेवढं सोपं नसतं. त्यातले कण इतके बारीक आणि विरळ असतात की एकमेकांना भेटतच नाहीत. डोसाशिवाय ते थेट वाळूतून पार होतात. थोडा का होईना, डोस चालू ठेवा आणि जार टेस्ट आठवड्यातून एकदा तरी लावा.

फिल्टर: केंद्राचं काळीज

माझं मत विचाराल तर ऑपरेटरची पारख फिल्टर हाऊसमध्ये होते. वाळूचा थर साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटरचा, खाली गिट्टीचे थर, त्याखाली गाळलेलं पाणी गोळा करणारी अंडरड्रेन. वाळू म्हणजे बांधकामाची नव्हे. कण ०.४५ ते ०.७ मिलिमीटरच्या प्रभावी आकाराचे, चाळून निवडलेले. पाणी वरून खाली जातं, उरलेला बारीक फ्लॉक वाळूत अडकतो, हळूहळू वाट तुंबते आणि लॉस ऑफ हेड, म्हणजे वाळूतून जाताना पाण्याचा घटणारा दाब, वाढत जातो. तो पावणेदोन-दोन मीटरवर गेला, किंवा फिल्टरच्या पाण्याची टर्बिडिटी वाढायला लागली, की बॅकवॉश, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून वाळू धुणं. यातलं जे आधी घडेल ते. ठरावीक वेळेला बॅकवॉश लावायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. उन्हाळ्यात ती चालून जाते, पावसाळ्यात अजिबात नाही.

बॅकवॉशचा क्रम पाठ करू नका, समजून घ्या. इनलेट बंद करा आणि वाळूवर वीतभर पाणी राहीपर्यंत फिल्टर चालू द्या. आउटलेट बंद. मग ड्रेनचं गेट उघडा. नंतर हवा सोडा, तीन ते पाच मिनिटं. हवेचे बुडबुडे सगळ्या बेडवर सारखे यायला हवेत. एका कोपऱ्यात हवा उसळतेय आणि दुसरा कोपरा शांत असेल तर खालचे नोझल तुंबले किंवा तुटले आहेत. जागा खुणेसकट लिहून ठेवा. हवा बंद करून बॅकवॉशचं पाणी सावकाश उघडा. हा सावकाशपणा फार महत्त्वाचा आहे. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर खालची गिट्टी उलथते, थर मिसळतात, आणि मग तो फिल्टर कितीही धुतला तरी वाळू सोडत राहतो. त्यावर उपाय एकच, सगळा बेड बाहेर काढून पुन्हा भरणं. ट्रफमधून जाणारं पाणी आधी कॉफीच्या रंगाचं, मग फिकं, मग जवळजवळ स्वच्छ होतं. साधारण दहा मिनिटं लागतात. अगदी चकचकीत होईपर्यंत धूत बसलात तर शुद्ध केलेलं पाणी वाया घालवता.

बॅकवॉशनंतर फिल्टर लगेच संपाला जोडू नका. पहिल्या काही मिनिटांचं पाणी गढूळ येतं, ते ड्रेनला सोडा, टर्बिडिटी मीटरवर एकच्या खाली आकडा आला की मगच आउटलेट उघडा. आयएस १०५०० : २०१२ या मानकात पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य टर्बिडिटी १ एनटीयू आहे. दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते असं मानक म्हणतं, पण चालू फिल्टर ५ देत असेल तर तो बिघडला आहे असं समजा. हा आकडा दिसण्यापुरता नाही. कणांच्या आड जंतूंना क्लोरीनपासून आडोसा मिळतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी तर नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात हाच परजीवी शुद्धीकरण केंद्रातून पार झाला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. फिल्टरने जे अडवायचं ते पुढे क्लोरीन अडवेल, या भरवशावर राहू नका.

लाइट गेल्यावरची एक गोष्ट नव्यांना कुणी सांगत नाही. पंप थांबले, तासाभराने पुन्हा सुरू झाले, की पहिला लोंढा क्लॅरिफायरमध्ये बसलेला गाळ उचलतो आणि फिल्टरवर आणून टाकतो. वाळूत अडकलेलंही त्या धक्क्याने सुटतं. म्हणून लाइट आल्यावर इनलेट टप्प्याटप्प्याने वाढवा, आणि त्या वेळी प्रत्येक फिल्टरचा नमुना घ्या.

महिन्यातून एकदा फिल्टर रिकामा करून आत डोकावा. वाळूवर भेगा, भिंतीपासून सुटलेली वाळू, मुठीत येणारे चिखलाचे गोळे यातलं काही दिसलं तर धुणं कमी पडतंय.

क्लोरीन

इथे घाई केली तर जिवावर बेततं, म्हणून सावकाश वाचा.

क्लोरीन वायू हवेपेक्षा अडीच पट जड असतो. गळला की जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात, तळघरात, नाल्यात साठतो. म्हणून क्लोरीन रूमचा एक्झॉस्ट पंखा जमिनीजवळ असतो आणि त्याचं बटण बाहेर असतं. आधी पंखा लावा, काही मिनिटं थांबा, मग आत जा, आणि दुसरा माणूस दारात उभा असल्याशिवाय जाऊ नका. दारात कुणी नसेल तर काम थांबलं तरी चालेल.

टोनरमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, ९०० किलो क्लोरीन असतो, बहुतांश द्रवरूपात. तो आडवा ठेवतात आणि त्याला दोन व्हॉल्व्ह असतात. रोलरवर फिरवून ते एकावर एक उभ्या रेषेत आणा. वरच्यातून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. तुम्हाला वायू हवा, म्हणून जोडणी वरच्याला. प्रत्येक जोडणीला नवा वॉशर, जुना उलटा करून चालणार नाही. व्हॉल्व्ह आखूड पान्याने हलकेच उघडा, एक फेरा पुरतो. लांब पाइप लावून जोर दिला तर स्पिंडल मोडतो, आणि मग तो व्हॉल्व्ह बंद करायला काहीच उरत नाही.

जोडल्यावर अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा काडीला लावून प्रत्येक जोडाजवळून फिरवा. गळती असेल तर तिथे पांढरा धूर दिसतो. बोळा जोडाला टेकवू नका, फक्त वाफ पोचू द्या. अमोनियाची बाटली रिकामी असेल तर टोनर जोडूच नका. ती बाटली आणायची जबाबदारी कुणाची, यावर वाद घालत बसण्यापेक्षा स्टोअरला लेखी मागणी द्या आणि प्रत जवळ ठेवा.

गळतीवर पाणी कधीही मारायचं नाही. ओला क्लोरीन धातू खातो आणि छिद्र मोठं होत जातं. शक्य असेल तर टोनर फिरवून गळतीची जागा वर आणा. मग द्रवाऐवजी वायू बाहेर येईल, आणि हा फरक फार मोठा आहे, कारण द्रव क्लोरीनचा वायू होताना तो साडेचारशे पट जागा व्यापतो. हे काम श्वसनाचं हवाबंद उपकरण घातलेल्या, शिकवलेल्या माणसाचं. डब्याचा साधा मास्क मोठ्या गळतीत उपयोगी नाही, आणि ओला रुमाल तर नाहीच. तुमचं काम वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला आणि उंच जागेकडे सगळ्यांना नेणं, आणि अग्निशमन दलाला फोन करणं. केंद्रावर वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी मोजं आहे का, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. वायू लागलेल्या माणसाला चालवू नका, उघड्यावर आणा, कपडे सैल करा, डोळे पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि बरं वाटतंय म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी काही तासांनंतरही होतं.

टोनर पूर्ण रिकामा होईपर्यंत ओढू नका. थोडा दाब शिल्लक असतानाच बंद करा, नाहीतर पाण्याची वाफ आत शिरून तो आतून गंजतो.

लहान योजनांवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण गोणी दमट खोलीत पडून राहिली की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. पन्नास हजार लिटरच्या टाकीला २ पीपीएम डोस द्यायचा तर १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. पावडर २५ टक्क्यांची असेल तर ४०० ग्रॅम. बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं पाणी टाकीत सोडा, खालचा चुना सोडू नका. आणि पावडरीच्या गोण्या तुरटी, पीएसी किंवा ॲसिडच्या शेजारी ठेवू नका. एकत्र आल्या तर बंद खोलीत क्लोरीन वायू सुटतो.

क्लोरीन पाण्यात मिसळल्यावर अर्धा तास तरी संपर्क मिळायला हवा, मगच उरलेला, म्हणजे रेसिड्युअल क्लोरीन मोजायचा. मानकाप्रमाणे नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. गावाच्या शेवटच्या नळाला ०.२ यायचा तर केंद्रावर कितीतरी जास्त ठेवावा लागतो. किती, ते तुमच्या गावातल्या पाइपची लांबी, वय आणि उन्हाळा-पावसाळा ठरवतो. म्हणून आठवड्यातून एकदा व्हॉल्व्हमनसोबत शेवटच्या वस्तीत स्वतः जा. आपल्याकडे पाणी ठरावीक तास येतं. उरलेल्या वेळात पाइप रिकामे असतात आणि गटारातून गेलेल्या पाइपला एखादं छिद्र असलं तर घाण आत ओढली जाते. २०१२ साली इचलकरंजीत पसरलेली काविळीची साथ जुन्या लोकांना अजून आठवते. त्या शेवटच्या नळावरचा ०.२ हा त्या घरातल्या लेकराचा शेवटचा पहारेकरी आहे.

ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीन टाकून क्लोरीन मोजायची चाचणी, करताना रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचा. तो मोकळा क्लोरीन. पाच मिनिटांनी वाचाल तर संयुक्त क्लोरीनही त्यात धरला जातो आणि आकडा खोटा मोठा दिसतो. ऑर्थोटोलिडीन आरोग्याला घातक आहे. हाताला लागू देऊ नका, नळी अंगठ्याने झाकून हलवू नका. डीपीडी या दुसऱ्या रसायनाचा किट मिळत असेल तर तोच मागा.

रजिस्टर

तासातासाच्या नोंदी भरताना सर्वांत मोठा मोह असतो तो मागच्या रकान्यातला आकडा खाली उतरवण्याचा. ०.८, ०.८, ०.८, सगळी रात्र एका शाईत. असं रजिस्टर बघितलं की मला त्या केंद्राचं पाणी प्यायची भीती वाटते.

कॅनडात ओंटारिओमध्ये वॉकरटन नावाचं पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला, शेतातलं शेणखत एका उथळ विहिरीच्या पाण्यात उतरलं आणि ई-कोलायचा घातक प्रकार नळांतून घरोघर गेला. सात जण मेले, दोन हजारांहून जास्त आजारी पडले. चौकशीत निघालं ते असं: तिथले ऑपरेटर क्लोरीन न मोजताच रजिस्टरमध्ये ०.५ किंवा ०.७५ लिहीत होते, आणि हे वर्षानुवर्षं चालू होतं. ते वाईट लोक नव्हते. आपलं पाणी चांगलंच आहे अशी त्यांची खात्री होती, आणि ते स्वतःही तेच पाणी पीत होते.

म्हणून ज्या तासाला मोजलं नाही तो रकाना रिकामा सोडा आणि कारण लिहा: लाइट नव्हती, किट संपला, दुसऱ्या कामावर होतो. रिकाम्या रकान्यावरून साहेब बोलतील. बोलू द्या. तुम्ही लिहिलेला खरा ०.१ पुढच्या शिफ्टला डोस वाढवायला सांगतो, खोटा ०.८ तिला झोपवतो. आणि काही विपरीत घडलं तर चौकशीत तुमच्या बाजूने उभं राहणारं तेवढं एकच कागदपत्र असतं.

शिफ्ट बदलताना रजिस्टर सरकवून निघून जाऊ नका. पाच मिनिटं सोबत उभं राहा. कुठला फिल्टर कधी धुतला, डोस कधी बदलला, टोनर किती उरलाय, कुठल्या मोटारीचा आवाज बदललाय, हे तोंडी सांगा. येणाऱ्याने तोवर संपाचा एक ग्लास भरून उजेडात धरून बघावा, वास घ्यावा.

गावातून तक्रार आली, ‘पाण्याला वास येतोय’, ‘पिवळं येतंय’, तर पत्ता, वेळ आणि नळ किती वेळ सोडला होता ते विचारा. एकाच गल्लीतून दोन फोन आले तर ती पाइपची गळती असू शकते, सगळ्या गावातून आले तर कारण तुमच्या केंद्रावर आहे. बोलणाऱ्या ताई-मावशींना टाळू नका. तुमच्या टर्बिडिटी मीटरला वास कळत नाही, त्यांना कळतो.

ठेक्यावर असाल तर

नियुक्तिपत्र लेखी घ्या. पीएफचा यूएएन क्रमांक आणि ईएसआयसीचं कार्ड पहिल्या पगारापर्यंत हातात आलं पाहिजे. गमबूट, हातमोजे, चश्मा, क्लोरीनचा मास्क ठेकेदाराने द्यायचा असतो. मास्कच्या डब्यावरची मुदतीची तारीख स्वतः वाचा, पुष्कळ ठिकाणी भिंतीवर टांगलेला मास्क केव्हाच बाद झालेला असतो. रात्रपाळीला एकट्याला ठेवत असतील तर क्लोरीन बदलायचं काम दिवसा करून घ्यायची मागणी करा.

शिकायचं थांबवू नका. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओने काढलेली पाणीपुरवठ्याची नियमावली फुकट उतरवून घेता येते. ती इंग्रजीत आहे, पण तुमच्या केंद्रावर जे आहे तेवढीच प्रकरणं आधी वाचा. जिल्हा किंवा उपविभागीय पाणी प्रयोगशाळेत एक दिवस घालवायची परवानगी मागा. जिवाणूंची तपासणी कशी होते, नमुन्याची बाटली निर्जंतुक का असावी लागते आणि नमुना बर्फात का न्यायचा, हे तिथे बघितलं की नमुना घेतानाचा तुमचा हात बदलतो.

अनुभवाचं प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्या, कारण ठेका बदलला की जुना ठेकेदार सापडत नाही. त्यावर केंद्राची क्षमता एमएलडीत, फिल्टरची संख्या आणि तुम्ही टोनर हाताळला की टीसीएल, हे स्पष्ट लिहून घ्या. पुढच्या मुलाखतीत पहिले प्रश्न तेच असतात.